भाऊजींनी गुंडाळलेल्या वायरी

तीर्थरूप भाऊजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (चरणांचा उल्लेख मुद्दाम केला, गुडघेदुखी कमी आहे असं ताईकडून कळलं, तेव्हा ते पुन्हा फिरते झाले असावेत.) इकडे सर्व क्षेम आहे. अण्णा बरे आहेत, ही उत्तम आहे, आणि माझी प्रकृती, लॅपटॉपचा विषय वगळता, आता सुधारते आहे.

मात्र एक गंभीर तक्रार आहे आणि ती आधी नोंदवून घ्यावी. तुम्ही आमच्याकडे राहून परत गेलात, तेव्हापासून या घरात एकही वायर मोकळी राहिलेली नाही. टेबलदिव्याची, इस्त्रीची, मिक्सरची, हिच्या केस वाळवायच्या यंत्राची, प्रत्येकीला तुम्ही आठच्या आकड्यात गुंडाळून कमरेला रबरबँड चढवून ठेवलं आहे. हेतू थोर आहे. पण सकाळी शर्टाला इस्त्री करायची तर आधी वायरीचं बंधविमोचन करावं लागतं, त्यात रबरबँड तुटून नाकावर बसतं, आणि शाळेला उशीर होतो. मुख्याध्यापकांना मी खरं कारण सांगितलं. त्यांनी खोटं सांगायची एक संधी दिली. नीटनेटकेपणा हा गुण आहे हे मान्य, पण अति केला की गुणाचाच दोष होतो असं आमच्या शास्त्रकारांचं मत आहे, आणि त्यांच्या घरी वायरी नव्हत्या तरी ते बरोबर आहे. या रबरबँडाकडे पुढे परत यायचं आहे, तेव्हा लक्षात असू द्यावं.

आता मुख्य कथा. तुम्ही आलात ते कशासाठी, याची उजळणी करतो. रविवारी सकाळी अण्णा आणि ताई लॅपटॉपवर समोरासमोर बसतात. घरातला हा एकच कार्यक्रम असा, की ज्यासाठी अण्णा स्वतःहून दाढी करतात आणि शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावतात. (माझ्या लग्नात ती गुंडी उघडी होती, फोटो आहेत.) त्यात ताईची तक्रार सुरू झाली की तिने काही विचारलं की अण्णांचं उत्तर यायला फार वेळ लागतो. तुम्ही रोग्याला न पाहता, तिथे बसूनच निदान केलंत: यंत्र म्हातारं झालंय, आत कचरा साठलाय, सगळं पुसून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायला हवी. आणि लगेच बॅग भरून, सोबत स्वतःचा लॅपटॉप घेऊन (अडलं तर बघायला एक शहाणा जवळ असावा म्हणून) दाखलही झालात. जेवणाच्या टेबलावर दोन्ही यंत्रं शेजारीशेजारी मांडलीत आणि दिवसभर आम्हाला ताट मांडीवर घेऊन जेवायला लावलंत. त्या वेळी तुम्ही मला एकच उपदेश केलात: मध्ये मध्ये ते काहीबाही विचारेल, घाबरायचं नाही, काहीही आलं तरी 'पुढे' दाबायचं. आम्ही पडलो परंपरेतले. गुरूने सांगितलेल्या मंत्राचा अर्थ विचारू नये, जप करावा.

तुम्ही गेलात आणि लॅपटॉपनेही देह ठेवल्यासारखं केलं. बटण दाबून मी चहा टाकायचो, तो उकळून, गाळून, पिऊन कप विसळून परत यायचो, तरी पडद्यावर ते ठिपके आपले गोल गोल फिरत असायचे. सातवीच्या संस्कृतच्या पेपरासाठी मी एक श्लोक टाइप करायला बसलो, तर पहिला चरण उमटेपर्यंत मला श्लोकच बदलावासा वाटू लागला. माउसचा बाण हलवला की तो हलायचा, पण ज्येष्ठांना सांगितलेलं काम जसं होतं तसा, आधी विचार करून आणि थोडा दुसरीकडेच. तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, नवीन घर आहे, लागायला वेळ लागतो, त्याचं आतलं सामान लावून होऊ दे. होऊ दिलं. मग म्हणालात, ड्रायव्हर राहिले असतील. तेही शोधून बसवले. मग असा शोध लागला की तुम्ही व्हायरस पकडणारा एक प्रोग्राम टाकलात आणि सिस्टिममध्ये मुळातच एक होता, त्यामुळे एका दारावर दोन पहारेकरी होऊन ते एकमेकांचीच झडती घेत बसले आहेत. एकाला निरोप दिला. शेवटी हिच्या तोंडाला पावडर लावायच्या ब्रशने मी जाळीतली धूळ काढली. त्यानंतर लॅपटॉप होता तसाच राहिला. फक्त हिने माझ्याशी बोलणं कमी केलं. दर फोनच्या शेवटी तुम्ही न चुकता सांगायचात की तुमचा लॅपटॉप बघा कसा पळतोय, देखभाल लागते देखभाल.

यात एक रविवार आला. अण्णा दाढी करून, गुंडी लावून बसले. पडद्यावर ताई अर्ध्या जांभईत गोठली ती गोठलीच. अण्णा बराच वेळ त्या फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत होते. मग वरची गुंडी काढून आपल्या खोलीत गेले. भाऊजी, लॅपटॉप गेला चुलीत, माझी काही हरकत नव्हती. पण ती गुंडी पुन्हा लागेल की नाही, याची मला त्या आठवड्यात धास्ती होती.

उलगडा हिने केला, तोही भाजीची पिशवी हातात असताना. मी यंत्र सुरू करत होतो आणि ही मागून जात होती. मधल्या काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या, मी सवयीने 'पुढे' दाबलं.

"त्या कसल्या ओळी होत्या?"

"त्या नेहमीच्या आहेत."

"नेहमीच्या म्हणजे तुम्ही वाचल्यात?"

तिने यंत्र पुन्हा सुरू करायला लावलं, माझं मनगट धरून ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. जोडलेला चार्जर ओळखीचा नाही, सबब हे यंत्र कमी वेगाने चालवण्यात येईल, असा स्वच्छ मजकूर होता. म्हणजे बिचारं रोज सकाळी आपलं दुखणं स्वतःच्या तोंडाने सांगत होतं आणि मी रोज त्याला 'पुढे' म्हणत होतो. 'आधी मूळ पाठ वाचा, मग टीकाकारांकडे जा' असं वर्गात घसा फोडून सांगणारा मी, मूळ पाठ डोळ्यांसमोर असताना टीकाकारांना फोन करत होतो. अनुमानं काढली, प्रत्यक्षाकडे बघितलं नाही. साध्या मराठीत, काखेत कळसा. (हे वाक्य हिने म्हटलं आणि मग भाजी निवडायला घेतली, तीही माझ्याकडून.)

मग चार्जरकडे पाहिलं. वायर आठच्या आकड्यात, कमरेला रबरबँड. आता आठवून बघा. दोन्ही चार्जर काळे, दोन्हींचं टोक एकाच मापाचं. निघायच्या गडबडीत तुम्ही दोन्ही एकसारखे गुंडाळलेत, दोघांना सारखी रबरबँडं चढवलीत, आणि त्यातला आमचा, थोरला आणि ताकदीचा, बॅगेत घालून निघून गेलात. मागे राहिला तो तुमचा. आमच्या लॅपटॉपने त्याला अनोळखी म्हणून अर्धपोटी राहणं पत्करलं. तुमचा मात्र आमच्या अन्नावर पळत होता. देखभाल लागते, हे खरंच आहे. आमच्या संस्कृत नाटकांत राजाचा मेहुणा हे पात्र गोंधळ घालण्यासाठीच असतं. मेहुण्याच्या घरी येऊन खुद्द राजाने गोंधळ घातल्याचं उदाहरण माझ्या वाचनात नव्हतं. ती उणीव भरून निघाली.

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आमच्याच जातीचा लॅपटॉप आहे. रविवारपुरता त्यांचा चार्जर मागून आणला आणि जोडला, तर यंत्र असं उठलं, जसा शाळा सुटल्याच्या घंटेला सातवीचा वर्ग. बाण सांगितलेल्या जागी जातो. श्लोक चारही चरणांनिशी उमटतो. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. त्या दिवशी मी रबरबँड न तोडता इस्त्री केली. अण्णांनी गुंडी लावली, ताई दिसली, चित्र इतकं स्वच्छ की तिच्या मागच्या कपाटावरची धूळसुद्धा दिसली. (हे तिला सांगू नये.) तुमच्यावर राग नाही. तुम्ही सगळं पुसून नव्याने टाकलंत त्याचाच हा गुण असेल, असं अण्णांचं मत आहे, आणि जावयाबद्दल त्यांचं मत मी आजवर बदलू शकलेलो नाही.

ताईला नमस्कार. गुडघ्यांना जपा.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. आमचा चार्जर कुरिअरने पाठवून द्यावा. तुमचाही पाठवतो. आल्यावर तुमच्या लॅपटॉपचं पळणं कमी झालं, तर 'पुढे' दाबावं.

ता. क. हिचा नवा ब्रश पाठवलात तरी चालेल, असं ही म्हणते. मी फक्त लिहून घेतो.

ता. क. वर लिहिलेलं बाकी सगळं खरं, पण रविवारचं पुरं सांगितलं नाही. ताईने विचारलं, "अण्णा, गोळ्या घेतल्यात ना?" अण्णा तिच्याकडे बघून हसले. कोपऱ्यातल्या छोट्या चित्रात मला त्यांच्या मागचा पडदा पंख्याने हलताना दिसत होता, अगदी सुरळीत, कुठे न अडकता. अण्णांचं उत्तर आलं तेव्हा ताईचा पुढचा प्रश्न विचारून झाला होता. ती म्हणाली, "अजून अडकतंय का रे?" मी म्हणालो, "हो, थोडं अडकतंय." भाऊजी, काही अडकत नव्हतं. बहुधा आधीही अडकत नव्हतं. रोग एकाला आणि औषध पखालीला म्हणतात तसं झालं. (मूळ म्हणीत रेडा आहे, अण्णांना तो शब्द लावायला जीभ वळत नाही.) जेवताना मी मीठ मागतो, तेव्हाही असंच होतं; तिथे तर मध्ये लॅपटॉप नसतो. कानांमुळे असेल, असं मी मनाला सांगतो. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर चार्जर कुरिअरने पाठवू नका. ताईला घेऊन या आणि तोही हातानेच आणा. अण्णा उत्तर देतात, पण उशिरा देतात, आणि मला त्याची भीती वाटते.