सहा महिने शिल्लक हवेत

२ मार्च

ही वही ताईने दिली. म्हणाली, दिवसभर माझ्या कानाशी वटवट करतेस, त्यातली अर्धी इथे ओत. औषधाच्या दुकानातून फुकट आलेली आहे, पानापानावर खोकल्याची बाटली छापलीय. चौथी शिकलेल्या बाईला वही कशाला? पण लिहिते. ताईचं ऐकायचं ठरवलंय.

महिना झाला मला इथे परदेशात येऊन. ताईचं ऑपरेशन झालं, घरात माणूस हवं होतं, मी आले. नव्वद दिवस मिळालेत, २८ एप्रिलपर्यंत. पुरायचे नाहीत. मी ठरवून टाकलंय, तीन महिने वाढवून घ्यायचे. तोवर ताई ठणठणीत होईल, मग तिला घेऊनच घरी जायचं. इस्त्रीचं दुकान जावेच्या हाती दिलंय. ती लोकांच्या कॉलरी जाळत असेल. जाळू दे.

आज ताई पलंगापासून खिडकीपर्यंत स्वतः गेली. चौदा पावलं.

निश्चय: भाऊजींवर चिडायचं नाही. नवरा ताईचा आहे, सांभाळायचा तिने.

५ मार्च

मुदत वाढवायच्या ऑफिसात गेलो, मी आणि भाऊजी. नंबर चौऱ्याऐंशी. बसायची खुर्ची अशी की माणूस घसरून खालीच जावा. काचेमागच्या बाईने पासपोर्ट उघडला, मागे बघितलं, पुढे बघितलं, मान हलवली. इथली भाषा मला येत नाही. बाई दहा वाक्यं बोलली, भाऊजींनी दोन सांगितली. राहायची मुदत जिथे संपते, त्याच्या पुढे पासपोर्ट आणखी सहा महिने चालायला हवा. माझा ११ ऑगस्टला संपतो.

मी म्हटलं, संपतो कसा? नवा कोरा आहे. दहा वर्षांपूर्वी काढला आणि साड्यांच्या खाली प्लॅस्टिकात गुंडाळून ठेवला. एका पानाला डाग नाही. वापरलाच नाही, तर संपेल कसा? भाऊजी म्हणाले, तो वापरून संपत नाही, ठेवला तरी संपतो. मी म्हटलं, तुम्ही तिला सांगा तर खरं. त्यांनी सांगितलं. बाई हसली. हसण्यासारखं काय होतं?

येताना विमानतळावर हाच पासपोर्ट चालला. आत यायला चालतो आणि राहायला चालत नाही!

एवढ्याशा कारणाने मी हटणार नाही.

९ मार्च

आपल्या देशाच्या वकिलातीत नव्या पासपोर्टचा अर्ज दिला. सहा आठवडे लागतात. म्हणजे २० एप्रिल. मुदत संपायला आठ दिवस हातात. भाऊजींकडून मुदतवाढीच्या ऑफिसात २४ एप्रिलचा नंबरही लावून घेतला. बोटांवर मोजलं, सगळं बसतं. लोक उगाच घाबरतात.

फोटोने मात्र जीव खाल्ला. कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत. मी म्हटलं, दात मला दाखवायचे नाहीतच, चावायचेत. पाचव्या वेळेला जमला. ताईने बघितला आणि म्हणाली, विमान तूच ओढून नेणार आहेस अशी दिसतेस. मग हसता हसता तिला ठसका लागला, पाणी दिलं, तरी हसतच होती. एवढं हसते म्हणजे सुधारतेय.

१४ मार्च

ताई आज जेवली नाही. दोन चमचे भाताची पेज. मला वाटतं माझ्याच हातचं खाऊन कंटाळली. उद्यापासून मीठ कमी.

दुपारी पडल्या पडल्या म्हणाली, तुझा पासपोर्ट काढायला मीच फॉर्म धाडला होता, आठवतं? दर वर्षी मी मागची खोली झाडून ठेवायचे, चादर बदलायचे, आणि तू म्हणायचीस पुढच्या वर्षी. मी म्हटलं, मग काय करणार! एका वर्षी सासूबाई पडल्या. एका वर्षी दुकानाचं छत गळलं. एका वर्षी लग्नसराईचे कपडे होते. मधली दोन-तीन वर्षं काय होतं ते आता आठवत नाही, पण काहीतरी होतं. उगाच कुणी यायचं टाळतं का?

ताई म्हणाली, मी कुठे भांडतेय, भांडकुदळे. चादरी मात्र चांगल्या होत्या त्या.

संध्याकाळी कपाट उघडलं आणि तिच्या सगळ्या चादरींना इस्त्री मारली. अकरा निघाल्या. बायका किती चादरी साठवतात!

२२ मार्च

घरी येणारी नर्स आज ताईच्या खांद्यावर औषधाची पट्टी चिकटवून गेली. त्याने दुखणं एकदम थांबलं. मी भाऊजींना म्हटलं, बघा, आधीच लावली असती तर? ते पट्टीचा रिकामा कागद उचलून कचऱ्यात टाकायला गेले. त्या माणसाला चांगली बातमी पचतच नाही.

ताईला झोप छान लागते आता. दुपारीसुद्धा. खिडकीपर्यंत आज नऊ पावलं, पण त्यात तिचा दोष नाही, मी पलंग थोडा खिडकीकडे सरकवलाय.

वकिलातीत फोन केला. अर्ज मिळाला म्हणाले. मिळालाय ते मलाही माहीत आहे, मीच दिलाय.

२९ मार्च

भाऊजींशी वाजलं.

मी स्वयंपाकघरात विचारत होते, मुदतवाढीच्या अर्जाला आणखी कुठले कागद लागतात, आधीच काढून ठेवू. ते भांडी पुसत होते. पुसता पुसता हळूच म्हणाले, एवढी धावपळ कशाला करता? मला वाटतं मुदतवाढ लागणार नाही.

ऐकलं आणि डोकंच फिरलं. म्हणजे मला घालवायला टपलेत! मी म्हटलं, दोन वेळचं करून घालते, बायकोला अंघोळ घालते, तुमचे शर्टसुद्धा इस्त्री करते, आणि तुम्ही माझे दिवस मोजता? ते म्हणाले, तसं नाही म्हणायचं मला. मी म्हटलं, मग कसं म्हणायचंय? त्यांनी फडकं ओट्यावर ठेवलं आणि बाहेर गेले.

गुन्हेगार असाच पळ काढतो.

निश्चय: ताईसमोर सोडून त्यांच्याशी बोलायचं नाही.

२ एप्रिल

भाऊजी बाथरूममध्ये शिरतात आणि अर्धा अर्धा तास नळ सोडून ठेवतात. ना अंघोळ, ना दाढी. बाहेर येतात ते डोळे लाल. साबण गेला म्हणे. रोज कसा जातो साबण? ताईला सांगितलं, जरा नवऱ्याला पाणी जपून वापरायला सांग.

ताई म्हणाली, असू दे गं. त्याच्याशी नीट वाग, माझ्यामागे तुझ्याशिवाय त्याच्यावर ओरडायला कोण आहे?

मी म्हटलं, मागे-पुढे काही नाही, तूच ओरड. बरी झालीस की.

६ एप्रिल

पावलं नाहीत आज. विश्रांती. खेळाडूसुद्धा मधे विश्रांती घेतात.

ताईला तीन महिन्यांचा बेत वाचून दाखवला. मे महिन्यात जिना. जूनमध्ये खाली रस्त्यावरचं बाक. जुलैमध्ये विमान. तिने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, बाकावर बसायचं ते मात्र छान आहे. आणि विचारलं, नाही वाढली मुदत तर?

मी म्हटलं, वाढेल. न वाढायला काय झालं? त्या काचेमागच्या बाईला मी बघून घेते.

ती म्हणाली, बेत राहू दे. ये, इथे बस जरा. मी म्हटलं, दूध गॅसवर आहे. दूध बंद करून, ओटा पुसून येईपर्यंत झोपली होती.

१२ एप्रिल

डॉक्टर घरी आला. हॉस्पिटलात बोलवायचं सोडून स्वतः घरी आला, म्हणजे माणूस चांगला. भाऊजींशी दाराजवळ बराच वेळ बोलला. मी विचारलं काय म्हणाला, तर भाऊजी म्हणाले, आराम सांगितलाय. एवढ्या बोलण्यातून एवढंच? पण ठीक आहे, आराम तर आराम.

मुदतवाढीसाठी त्याच्याकडून पत्र घेतलं, की पेशंटला बहिणीची गरज आहे. मी भाऊजींकरवी सांगितलं, तीन महिने असं लिहा. त्याने भाऊजींकडे बघितलं आणि महिन्यांचा आकडा न घालताच सही केली. शिकलेली माणसं आणि असा निष्काळजीपणा.

ताई आता कमी बोलते. हात धरून ठेवते. काम असतं माझं, तरी सोडत नाही. आज तासभर बसले, पाय बधिर झाला.

१८ एप्रिल

ताई गेली. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी.

मी स्वयंपाकघरात वकिलातीचा फोन लावून बसले होते. पासपोर्ट छापून झालाय म्हणाले, कधी धाडणार ते बघतो, थांबा. आणि गाणं लावून दिलं. भाऊजींनी आतून हाक मारली. मी हाताने थांबा म्हटलं. त्यांना कुठून दिसणार हात? पुन्हा हाक आली. मी म्हटलं आले, आले, एकच मिनिट. फोन सोडला असता तर पुन्हा पहिल्यापासून नंबर लावावा लागला असता.

मी आत गेले तेव्हा भाऊजी तिचा हात धरून बसले होते. दुसरा हात चादरीवर मोकळा होता.

१९ एप्रिल

सगळं झालं. माणसं आली, गेली.

भाऊजींना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, फेब्रुवारीपासून. ताईलाही. मी म्हटलं, मग मला? ते म्हणाले, ती म्हणाली, तिला सांगू नका, तिला वाढवू दे मुदत, ती कामात असली की बरी असते.

२१ एप्रिल

नवा पासपोर्ट आला. पाकीट बराच वेळ फोडलं नाही. दहा वर्षांचा आहे.

२४ एप्रिल

नंबर लावलेला होता म्हणून ऑफिसात गेले. भाऊजी म्हणाले, रद्द करतो. मी म्हटलं, लावलाय तर जाऊ. का ते मलाही सांगता येत नाही. ते बरोबर आले.

तीच बाई. नवा पासपोर्ट बघितला, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. डॉक्टरचं पत्र वाचलं. सगळं बरोबर आहे म्हणाली, भाऊजींनी सांगितलं. शिक्का हातात घेतला. मग फॉर्मवरच्या एका ओळीवर पेन ठेवून काहीतरी विचारलं. भाऊजी म्हणाले, राहण्याचं कारण तेच आहे का, असं विचारतेय.

मी हो म्हणाले.

भाऊजींनी ते तिला सांगितलं नाही. मागे रांग होती, माणसं चुळबुळ करत होती. माझ्यासारखीच एक कुणीतरी मोठ्याने उसासे टाकत होती. मी भाऊजींना म्हटलं, सांगा तिला, काय असेल ते.

ते एकच वाक्य बोलले. बाईने शिक्का खाली ठेवला. फॉर्म माझ्याकडे सरकवला, आणि काचेखालच्या फटीतून बोटं बाहेर काढून माझ्या मनगटाला लावली. रांग तशीच थांबली.

मी फॉर्मची घडी घातली. घडी नीट घालता येते मला.

भाऊजी म्हणाले, २८ पर्यंत तुम्ही इथेच राहा, तुमचा हक्क आहे. एरवी मी हक्क सोडत नाही. पण घरी येऊन त्यांनाच विमानाचं बघायला सांगितलं. परवाचं मिळालं. मुदतीतले दोन दिवस उरतात.

नकोत मला.