अंगावर लोखंड नको

२ ऑक्टोबर
आले एकदाची. स्वान्सी शहरातल्या कोंदट ऑफिसातून सुटून या डोंगरावर मोजणीचं काम मिळालं, नशीबच उघडलं. महिना नीट निभावला की नोकरी कायम. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैन्याने इथे मुक्कामापुरता चौकोनी खंदक खणला आणि गाशा गुंडाळला. त्या छावणीचा नकाशा करायचा. मी यंत्र घेऊन चालायचं, खालच्या गावातल्या, माझ्या जोडीला दिलेल्या इथेलने मोजणीची दोरी ताणायची. जमिनीतलं लोखंड यंत्राच्या पडद्यावर काळं टिंब होऊन उमटतं, म्हणून आमच्या अंगावर लोखंड नको. माझे बूट रबरी, बटणं लाकडी. इथेल या कामात मुरलेला. मला राणीसाहेब म्हणून चिडवतो, पण स्वतःच्या डब्यातला मनुकांचा पाव लोणी थापून देतो.

४ ऑक्टोबर
माझ्या प्रत्येक फेरीशेजारी टिंबांची ओळ येते. डावं, उजवं, पावलांसारखी. पुरलेलं लोखंड जागचं हलत नाही. ही ओळ माझ्याबरोबर सरकते, जरा अंतर राखून. इथेलला विचारलं. सैनिकांच्या वहाणांना खिळे असायचे पोरी, सोबतीला आले असतील, म्हणाला. हसला, पण माझ्याकडे न बघता. हा नक्की खिशात काहीतरी लोखंडी बाळगतोय. नकाशा बिघडला तर नोकरी माझी जाईल, त्याची नाही.

५ ऑक्टोबर
पकडलाच. जेवताना त्याने काढून ठेवलेलं जाकीट चाचपलं. काठाच्या दुमडीत घोड्याच्या नालेचा खिळा शिवलेला. म्हणे आईने शिवला. म्हणे अंगावर लोखंड असलं की ते सैनिक जवळ येत नाहीत, म्हणून गावातलं कुणीही खिळ्याशिवाय हा खंदक ओलांडत नाही, दुसरीकडे तो कधीच बाळगत नाही. एवढा जाणता मोजणीदार आणि ही थेरं. माझं डोकंच फिरलं. खिळा उसवून छावणीतल्याच दलदलीत भिरकावला. इथेल पांढराफटक पडला. उद्यापासून मी आत येणार नाही आणि तूही येऊ नकोस, एवढंच म्हणाला.

६ ऑक्टोबर
एकटीने काम केलं. टिंबं आहेतच. म्हणजे ती त्या खिळ्याची नव्हतीच— उगाच आळ घेतला बिचाऱ्यावर. आता ओळी खूप आहेत. अंतर राखत नाहीत.

७ ऑक्टोबर
खिळा शोधून इथेलच्या हातात द्यायचा, माफी मागायची, म्हणून आले. यंत्राने सापडेल असं वाटलं. पडदा सगळा काळा. इथेलचा खिळा कुठला, त्यांच्या वहाणांचे कुठले—

धुकं. खंदकापलीकडून इथेल ओरडतोय, यंत्र टाक आणि बाहेर ये म्हणतोय. बाहेरच्या वाटेवरच टिंबं दाटलीत.

यंत्र टाकलं नाही. टाकलं तर ते दिसणार नाहीत.

लिहितेय, कारण हात थांबला की पाय आपोआप चालायला लागतात. त्यांच्या तालात. छावणीच्या आत—

माझे बूट रबरी आहेत. तरी टिंबं आता माझ्याच पावलांखा—