सपोर्टचं सर्टिफिकेट

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. हे कंबर दाखवायला दवाखान्यात गेलेत, घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसलेय. निपाणीतल्या ज्या तंबाखूच्या वखारीत मी कॉम्प्युटरवर बसायचे, ती बंद पडली. यांची कंबर धरल्यापासून हे चालवायचे तो टेम्पोही दारातच उभा आहे. अशात बेळगावच्या एका हॉस्पिटलात जागा निघाली. कुणाचा कॉम्प्युटर अडला, प्रिंटर बंद पडला, की फोन घ्यायचा आणि जाऊन नीट करून द्यायचं. वखारीत हे सगळं मीच करायचे. मुलाखतीला गेले, तेव्हा हॉस्पिटलच्या साहेबांनी एक बंद कॉम्प्युटर पुढं ठेवला, मी तो चालू करून दाखवला. ते म्हणाले, "काम येतंय तुम्हाला, पण सर्टिफिकेटशिवाय वरचे लोक घेणार न्हाईत. ते करा, तोवर जागा धरून ठेवतो."

कुठलं सर्टिफिकेट, हे विचारायचं धाडस झालं नाही. बेळगावात कॅम्पातला कॉम्प्युटर क्लासवाला म्हणाला, "सायबर सिक्युरिटी करा मॅडम, त्यालाच डिमांड." बेंगळुरूचा भाचा म्हणाला, "मावशी, क्लाउड कर गं, बाकीचं लई जुनं झालं." रोज नवं नाव ऐकायचं आणि मोबाईलवर तेच शोधत बसायचं. एकदा अशीच बसले असताना तू आठवलीस. मी शाळेतून येऊन तुझ्याशेजारी विड्या वळतेय, लक्ष सगळं शेजारच्या आक्काच्या सुपाकडं, आणि तू मांडीवर चापट मारतेस, "तिच्या सुपात काय बघतीस गं? तुझं पान फाटाय लागलंय बघ."

लाज सोडून साहेबांनाच फोन केला. ते हसले. "अहो, आमच्या हितं लोक पासवर्ड विसरत्यात, प्रिंटरमधी कागद अडकतोय, नेट जातंय. सपोर्टचं अगदी पहिल्या पायरीचं करा, बास." त्याचाच अभ्यास धरला. भाकरी थापता थापता व्हिडिओ ऐकले, आई. पण परीक्षा सगळी इंग्रजीत. जे काम माझे हात न विचारता करतात, त्याचं नाव पडद्यावर वाचलं की ओळखच पटेना. वेळ संपली, आणि तिथल्या तिथंच निकाल दिसला. थोड्या मार्कांनी नापास झाले.

परीक्षेहून परतताना बसस्टँडवरून साहेबांना कळवलं. "परत बसा परीक्षेला," ते म्हणाले, "पण जागा कुठवर धरून ठेवता येईल, सांगता येत न्हाय." परत बसणार आहेच, दुसरं करणार काय? पण अभ्यासाला बसलं की एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते. ही जागा गेली तर पुढं काय, तिथं डोकंच थांबतं.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "काय झालं गं?" तोंडातून निघून गेलं, "निकाल यायचाय अजून." तेव्हापासून तेच सांगतेय. हे परत यायच्या आत हा कागद फाडून टाकीन. आपल्या माणसांत खरं काय ते अजून फक्त तुलाच सांगितलंय.