शिसं कुठून येतंय?

४ मार्च २०१९, सोमवार

बारा!

डॉक्टर झनातींनी आकड्याभोवती पेनाने गोल काढला. "शिसं," म्हणाले. मला वाटलं कागदच चुकला, दुसऱ्या कोणाचा तरी असेल. नुहैला दहा महिन्यांची. रांगते, दोन दात आलेत. तिच्या रक्तात शिसं कुठून जाईल? तिला नेलं होतं ते फिकट दिसते म्हणून, वजन अडलंय म्हणून.

"किती हवं?" मी विचारलं.

"खरं तर काहीच नको. पाचाच्या वर गेलं की आम्ही आईबापांना घर धुंडाळायला सांगतो."

"म्हणजे माझ्या घरात आहे?"

"कुठंतरी आहे."

घाबरले. पण बसमध्ये ती मांडीवर झोपली आणि डोकं आपोआप कामाला लागलं — खोटं कशाला लिहू? सात वर्षं पाणी खात्यात गळती शोधतेय. सगळे नळ बंद करायचे, मीटर हलतंय का बघायचं, मग एकेक नळ उघडायचा. रस्ताभर तेच करत आले. मनातल्या मनात.

५ मार्च

यादी केली. रंग, नळ, भांडी, खेळणी, मसाले, सुरमा. जवाद, माझा नवरा, ट्राम चालवायची पाळी संपवून आला तेव्हा मी दाराचा रंग सुरीने खरवडत होते.

"भिंत चाटते का ती?"

"तू पाहिलंस कधी काय काय चाटते ते?"

स्वतःच खिडकीची चौकट खरवडायला घेतली. लगेच बोट कापून घेतलं.

९ मार्च, शनिवार

शेजारच्या तिन्ही मुलांचं रक्त डॉक्टरांनी तपासलं. तिघंही ठणठणीत. नळ तोच, इमारत तीच, रंग तोच! म्हणजे पाणी नाही, भिंत नाही. आमच्याच उंबऱ्याच्या आत काहीतरी आहे. झोप येत नाही. काळजीने की उत्सुकतेने, माझं मलाच कळत नाही. आई म्हणून लाज वाटायला हवी बहुतेक.

१० मार्च

सुरमाच असणार. दुसरं काही उरत नाही.

सासूबाई — सगळे मानाने त्यांना लल्ला रकिया म्हणतात — मी कामावर असताना नुहैलाला त्याच सांभाळतात. सातव्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत सुरमा आहे. डॉक्टर म्हणाले, बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिशाचा दगड कुटलेला असतो. आज त्या नमाजाला बसल्या तेव्हा त्यांच्या पितळी डबीतला चिमूटभर काढला. पुडी बांधली.

वळले तर त्या दारात.

"चोरून? माझ्या डबीतून?"

"लल्ला, नुसतं तपासायला —"

"चाळीस वर्षं लावतेय मी. तुझ्या नवऱ्याला लावला. तो काय वेडा झाला?"

आतून जवाद: "या भांडणात मला ओढू नका."

"मागितला असतास तर दिला नसता का गं मी?" एवढं म्हणाल्या आणि जलाबा, टोपीचा लांब झगा, अंगावर चढवून आपल्या मुलीकडे, माझ्या नणंदेकडे, निघून गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

११ मार्च

सात पुड्या इथल्याच, रबातच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवल्या. डॉक्टरांच्या ओळखीने. नुहैलाला कामावर घेऊन गेले. साहेब नुसते बघत राहिले.

२१ मार्च

सगळं स्वच्छ. सगळं! रंग, भांडी, जिरं, रबरी उंट. सुरमाही. त्यात नुसती काजळी आहे.

आता काय? आणि त्याहून कठीण — आता कुठल्या तोंडाने जाऊ?

२२ मार्च, शुक्रवार

साखरेचा मोठा शंकू घेतला, निळ्या कागदातला, माफी मागायला जाताना नेतात तो, आणि नणंदेकडे गेले. सासूबाई कुसकुस वाफेला लावत होत्या. शंकू बघितला, माझ्याकडे बघितलं नाही.

"चुकलं माझं, लल्ला."

"ऑलिव्हच्या बिया जाळून करते मी सुरमा. स्वतःच्या हाताने. नुसतं विचारायचं होतंस." मग नुहैलाला माझ्या काखेतून उचललं, तिचा गळा हुंगला. "दहा-बारा दिवसांत वाळली पोर. आणि तू गं, गळती शोधणारी! माझं तपासलंस, भिंती तपासल्यास, उंट तपासलास. एक तूच राहिलीस तेवढी."

सगळे हसले. मीही हसले. जेवले पोटभर आणि सासूबाईंना घेऊनच घरी आले.

२६ मार्च

सासूबाईंचा टोमणा डॉक्टरांना गंमत म्हणून सांगितला. ते हसले नाहीत. लिहिता लिहिता थांबले.

"माहेर कुठलं तुमचं, हौरिया?"

"सफी."

"घरी काय करतात?"

"कुंभार आहोत आम्ही."

त्यांनी नर्सला हाक मारली. माझं रक्त घेतलं.

२ एप्रिल

तेहतीस.

नुहैलाचे बारा. माझे तेहतीस.

डॉक्टरांनी सगळं समजावलं. मी इतके प्रश्न विचारले की बाहेरची रांग ओरडायला लागली. भांड्यांना चमक देणाऱ्या झिलईत शिसं असतं, आणि लहानपणी पोटात गेलेलं ते शिसं हाडांत जाऊन बसतं. कॅल्शियमच्या जागी. वर्षानुवर्षं. मग बाई गरोदर राहिली की बाळाची हाडं घडवायला शरीर आईची हाडं झिजवतं, आणि कॅल्शियमबरोबर तेही सुटून बाळाकडे जातं. दुधातून थोडं जातं, पोटात असताना जास्त.

"म्हणजे ती जन्मली तेव्हाच —"

"हो."

"दूध तोडू?"

"नाही. तुमच्या आकड्याला दूध चालू ठेवायचं. तुम्ही कॅल्शियमची गोळी रोज घ्यायची, तिला लोह द्यायचं. तिचा आकडा उतरेल. तुमचा सावकाश उतरेल."

परत येताना पाट्या वाचत होते आणि एकही कळत नव्हती.

सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी दूध तापवलं, पेला माझ्या हातात दिला आणि समोर बसून राहिल्या, संपेपर्यंत.

६ एप्रिल, सफी

पाच तास बस. यम्माने, माझ्या आईने, दारातच नुहैलाला ओढून घेतलं. माझा भाऊ बुशायब भट्टीवरून आला — "या बाईसाहेब, राजधानीने सोडलं का?"

अंगणात झिलईचा टब होता. तिथेच, अंजिराखाली. तो मीच ढवळायची! सहाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत. कोपरापर्यंत हात घालून. मलईसारखं गार पाणी. बोटं चाटायची मी. गोडसर लागायचं. ते काम मला फार आवडायचं, हे आज कोणाला सांगू?

जेवणानंतर सांगितलं. सगळं, आकड्यांसकट.

"म्हणजे मी तुला विष चारलं म्हणतेस," यम्मा म्हणाली.

"तसं नाही, यम्मा. तुलाही माहीत नव्हतं."

"हीच झिलई विकून तुला शिकवलं."

"माहीत आहे."

बुशायब चिडला. "आम्ही सगळे ह्यातच वाढलो. मेलं का कोणी? शिकलेली माणसं आली की आमच्या टबात विष निघतं!"

"तुझ्या पोरीचं, दुआचं रक्त एकदा तपास. एवढंच म्हणतेय."

"नाही निघालं तर?"

"तर तुझी माफी मागेन. साखरेचा शंकू घेऊन येईन. सवय झालीय मला."

हसू दाबायला गेला, जमलं नाही. मग उठून बाहेर गेला.

दुआ तीन वर्षांची. टबाच्या कडेवर पंजे उमटवत होती. राखाडी पंजे. यम्मा उठली. तिला नळाखाली नेलं, साबणाने हात धुतले. परत धुतले. नखांत काडी घालून तिसऱ्यांदा धुतले. दुआ किंचाळत होती, यम्मा सोडत नव्हती.

७ एप्रिल

पहाटे जाग आली ती घसटण्याच्या आवाजाने. बुशायब एकटाच टब ओढत होता, अंगणातून टेकडीवरच्या भट्टीकडे. मला बघून म्हणाला, "उगाच जागा अडवत होता."

मी दुसऱ्या बाजूने धरायला गेले. "हात लावू नकोस!" — जोरात ओरडला.

१८ एप्रिल

दुआ: एकवीस. बुशायबने फोनवर आकडा सांगितला. मग विचारलं, "गोळीचं नाव काय?" लिहून घेतलं. दोनदा वाचून दाखवलं. बिनशिशाची झिलई फेस शहरात मिळते म्हणे, महाग आहे, रंग मळका येतो. बघतो म्हणाला.

२५ एप्रिल

नुहैला नऊ! तीनाने उतरला! सासूबाईंनी हात वर करून ललकारी दिली, दवाखान्यातच. नर्स रागावली. पोरगी आज माझ्या ताटातलं अंडं ओढून खात होती.

२ मे, गुरुवार

पाळी चुकली म्हणून पट्टी आणली. दोन रेघा. दुसरी पट्टी आणून पाहिली — दोनच.

जवाद ट्रामवर आहे. सासूबाई बाजारात. आधी कॅल्शियमची गोळी घेतली, पाण्याबरोबर. मग डॉक्टरांना फोन लावला.