डाव्या खिशातले कच्चे टाके

दादा, मागच्या महिन्यात तुमच्या मुलानं भर सभेत रॅप म्हटलं. वय चोपन्न, डोळ्यांवर जाड चष्मा, समोर जयंती समितीची साठ-सत्तर माणसं. चार ओळींतच धाप लागली. अध्यक्ष म्हणाले, "सर, दमानं घ्या, दवाखाना लांब हाय!" सभागृह हसलं, मीही हसलो आणि पुढची ओळ म्हटली. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ह्यात चूक माझी आहे आणि रीत तुमची.

रॅप तुमच्या काळात आपल्याकडं आलं नव्हतं. पण तुम्हाला समजायला अवघड नाही. तुमच्या जलशात एक जागा यायची, जिथं तुम्ही सूर सोडून द्यायचात आणि डफाच्या ठेक्यावर नुसते शब्द फेकत सुटायचात, एका श्वासात दहा-बारा ओळी, आणि शेवटच्या शब्दाला डफावर थाप. ती जागाच तेवढी घ्यायची आणि तिचं अख्खं गाणं करायचं, की झालं रॅप. डफाच्या जागी मोबाइलमधला ठेका असतो, एवढाच फरक. एवढाच, हे मी आज म्हणतोय. दोन महिन्यांपूर्वी मी ह्याच्या नेमकं उलट बोललो होतो, आणि नेहमीसारखं ठासून बोललो होतो.

परंड्याच्या स्टँडमागचं आपलं दुकान डोळ्यांपुढं येतं. तुम्ही मशीनवर बसला आहात, पाय पायट्यावर, आणि त्या खडखडाटाच्या ठेक्यावर ओठ हलतायत. ओळ जमली की तुम्ही मशीन थांबवता, खुणेचा खडू उचलता आणि कापड बेतायच्या फळीवर ती लिहून ठेवता. गिऱ्हाईक आलं की त्याच ओळींवर त्याचा सदरा अंथरायचा. संध्याकाळपर्यंत निम्मी ओळ कुणाच्या तरी पाठीवर निघून गेलेली असायची. कुर्डुवाडीच्या गाडीला उशीर झालेली माणसं आपल्या बाकड्यावर टेकायची आणि म्हणायची, "शाहीर, गाडी येईस्तवर काहीतरी होऊन जाऊ द्या की." तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "गाडी चुकंल तुमची, माझं लांबतंय." आणि खरंच एकदोघांची चुकायची.

मग ईट गावातला तो दिवस. मी अठरा वर्षांचा होतो, दोन वक्तृत्व स्पर्धा जिंकलेल्या होत्या आणि जगात माझ्याएवढं कुणाला बोलता येत नाही अशी माझी खात्री होती. चावडीपुढच्या पटांगणात दुपारी सवाल-जवाब रंगला होता. समोरच्या पार्टीचे म्हातारे शाहीर उभे राहिले आणि त्यांनी सवाल टाकला: तुम्ही देव सोडले, आता संकट आलं की हाक कुणाला मारता? सवाल साधा होता, पण धारदार होता. म्हाताऱ्याचा आवाज शेवटी जरा फाटला. मी तुमच्याकडं न बघता उठलो आणि त्या फाटलेल्या आवाजाची नक्कल करून चार ओळी जागच्या जागी जुळवून म्हटल्या. पटांगण हसून लोळलं. शिट्ट्या वाजल्या. तेवढ्यात डफ थांबला.

तुम्ही उठलात, म्हाताऱ्या शाहिरांपुढं जाऊन हात जोडलेत आणि म्हणालात, "लेकरू हाय. माफी असावी." मग त्यांचाच सवाल त्यांच्याच चालीत तुम्ही पुन्हा म्हटलात. त्यांच्यापेक्षा चांगला म्हटलात. जे त्यांना म्हणायचं होतं पण शब्दांत आलं नव्हतं, तेही घालून म्हटलात. त्यांची माणसं माना डोलवायला लागली, आणि मगच तुम्ही जवाब दिलात: हाक कुणालाही मारा, मध्यरात्री दार उघडतो तो शेजारीच. तेव्हा त्या म्हाताऱ्यानं स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल काढून तुमच्या खांद्यावर टाकला. परतीच्या गाडीत तुम्ही आधी दोघांचं तिकीट काढलंत. मग म्हणालात, "टाळ्या मिळाल्या तुला. जवाब न्हाय दिलास तू. समोरच्याचं त्याच्यासारखं म्हनता येईना, तर त्याला उत्तर द्यायचा हक कुठनं आला रं?"

महिन्याभरात तुम्ही मला कोट शिवलात. काळा, आतून दोन खिशांचा. घालून बघताना तुम्ही उजव्या बाजूला थोपटलंत, "इथं तुझं म्हननं." मग डाव्या बाजूला, "इथं समोरच्याचं. बोलाया उभारलास की आधी हा रिकामा करायचा." आणि लगेच, फार बोललो असं वाटून, "शिवनीत माया ठिवली हाय. पोट सुटंल तुझं." सुटलं, दादा. तो कोट मी दोनदा उसवून मोठा करून घेतला, आणि अजून प्रत्येक महत्त्वाच्या भाषणाला घालतो. उमरग्याच्या कॉलेजात दर वर्षी वक्तृत्व शिबिर घेतो, तिथं ईटची गोष्ट सांगतो, छातीची डावी बाजू थोपटून दाखवतो. पोरं वहीत उतरवून घेतात.

आता इथलं सांगतो. तुम्ही गेलात तेव्हा एसटीच्या पाटीवर जिल्ह्याचं नाव वेगळं होतं. आता त्या नावावरून गाणी आहेत, सणांवरून गाणी आहेत, कुणी काय खावं ह्यावर गाणी आहेत. संस्कृतीची लढाई पूर्वी पुस्तकांत आणि सभांत चालायची, आता ती खिशातल्या फोनवर चालते, ठेका धरून. एका गल्लीतलं पोरगं तलवारीवर रॅप करतं, दुसऱ्या गल्लीतलं त्याच्या आईबहिणीवर. मिरवणुकीत गाणं वाजतं ते आपल्या लोकांना नाचवायला कमी आणि दुसऱ्याच्या दारापुढं थांबून त्याला खिजवायला जास्त. मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलंय आणि ह्याच्याविरुद्ध बोललोय. त्याबद्दल मला तसूभरही पश्चात्ताप नाही. पण सरसकट बोललो, तिथं घसरलो.

हायवेलगतच्या एका दवाखान्यात एक सिस्टर आहे. चोवीस वर्षांची, आपल्याच समाजातली. ट्रकचे अपघात, ताप, बाळंतपणं सगळं बघते आणि रॅप लिहिते. तिच्या गाण्याचा ठेका ब्लडप्रेशर मोजायच्या पंपाचा आहे; तो फुगवतानाचा फुस-फुस आवाज तिनं फोनवर धरला आणि त्यावर शब्द बसवले:

ताप चढला तवा धरलास माझा हात,
उतरला तसा इचारतोस जात!
सलाईनच्या बाटलीला न्हाय कसला भेद,
तुझ्याच डोस्क्याला पडलाय छेद!

गाणं गावोगाव फिरलं. काहींना झोंबलं. त्यांनी उलट रॅप केलं, त्यात तिच्या नोकरीवर आणि चारित्र्यावर घाण शब्द होते. मग दवाखान्यात फोन सुरू झाले: हिला काढा, नाहीतर आम्ही पेशंट आणणार नाही. डॉक्टर माणूस वाईट नाही, पण घाबरट. ते तिला म्हणाले, "जयंतीला तुमच्या समाजानं तुला स्टेजवर उभं केलं, तर मला म्हणता येईल की हिच्या मागं माणसं आहेत. तेच तुला नको म्हणत असतील तर मी एकटा किती दिवस धरू?"

म्हणजे तिची नोकरी आमच्या समितीच्या एका होकारावर टांगलेली होती. हे मला ठाऊक नव्हतं. समितीत तिचं नाव आलं, म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, आणि अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमी बोला." मी कोट घालून उभा राहिलो. वीस मिनिटं बोललो. डफाची परंपरा, शाहिरांचा त्याग, परक्या देशाची उसनी चाल, शिवीला विचार समजणारी पिढी. तुमचं नाव घेतलं, दादा. टाळ्या थांबेनात. कुणीतरी ते भाषण फोनवर धरून गावभर पाठवलं. तिचं नाव कागदावरून खोडलं गेलं.

आठवड्यानं फोनवर तिचं नवं गाणं आलं. पांढऱ्या ड्रेसमध्येच, दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडपुढं उभी. ना शिवी, ना आदळआपट. तिनं सुरुवात केली:

डफाला लागतो हात, मशीनला लागती वीज,
बापजाद्यांनी पेरलेलं कुठं गेलं बीज?
शिवी म्हंजी इचार न्हाय, गोंगाट म्हंजी गानं न्हाय,
उसन्या वाटंनं चाललेल्याला सोताचं ठिकानं न्हाय!

मी चष्मा सारखा केला. हे माझं भाषण होतं. माझी वीस मिनिटं तिनं चार ओळींत, माझ्याच हातवाऱ्यांसकट, माझ्यापेक्षा चांगली मांडली होती. बघता बघता मी मान डोलावली. आणि मग ती थांबली, एक श्वास घेतला, म्हणाली, "सर, बरोबर म्हनले का? आता माझं आयका."

सातासमिंदरापल्याडनं पेटी आली, ती जलशात बसली,
तवा उसनी चाल म्हनून किती मान्सं रुसली?
चाल आसंल उसनी, माझं दुखनं उसनं न्हाय,
माझ्यावर बोललात सर, माझ्याशी बोलला न्हाय!

मला ईटचं पटांगण आठवलं, डफ थांबल्यावरची शांतता आठवली. फरक इतकाच, की ह्या वेळी माझ्या वतीनं हात जोडायला तुम्ही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेलो. ती एका ड्रायव्हरच्या पायाची पट्टी बदलत होती. मला बघून म्हणाली, "बसा सर. बीपी बघू का? लाल झालाय तुमी."

मी विचारलं, "ही रीत कुठं शिकलीस? आधी समोरच्याचं म्हणून दाखवायची?"

तिनं पट्टीला गाठ मारली. "तुमीच शिकिवली की. शिबिरात. तुमच्या वडलांची गोष्ट. म्या मागच्या बाकावर व्हते, तुमाला आठवत नसंल." मग जराशानं, "लई रडले व्हते त्या गोष्टीला. म्हनून तर राग आला तुमचा. दुसरं कुनी बोललं आसतं तर उत्तर बी दिलं नसतं."

ड्रायव्हर म्हणाला, "म्हंजी हेच व्हय ते सर? ताई, गाण्यात बरे दिसत्यात हे."

डॉक्टरांनी घातलेली अट तिनं तेव्हा सांगितली, तक्रारीच्या सुरात नाही, पट्टी कधी बदलायची सांगावी तशी. महिनाअखेरपर्यंत मुदत होती. मी तिच्याकडून दोन्ही गाणी कागदावर लिहून घेतली आणि अध्यक्षांना सभा पुन्हा बोलवायला लावली.

सभेला निघताना कोट चढवला. तो कागद डाव्या खिशात ठेवू म्हटलं, तर बोटं आत जाईनात. आरशापुढं कोट उलटा करून बघितला. खिशाच्या तोंडावर तुमचे कच्चे टाके तसेच होते. नवा कोट दुकानातून बाहेर जाताना खिसे लोंबू नयेत म्हणून तुम्ही पांढऱ्या दोऱ्यानं टाचून द्यायचात आणि गिऱ्हाइकाला सांगायचात, घरी गेल्यावर काढा. उजवा मी त्याच दिवशी उसवला होता. डावा छत्तीस वर्षांत उघडलाच नाही. छत्तीस वर्षं मी पोरांपुढं तो थोपटतोय, दादा, आणि त्यात कधी हात घातला नाही. कात्री घेतली आणि टाके काढले. दोरा अजून पक्का होता, हिसडा द्यावा लागला.

सभेत मी आधी तो खिसा रिकामा केला. तिचं पहिलं गाणं तिच्या ठेक्यात म्हटलं, मग दुसरं. मांडीवर थाप मारत, धापा टाकत. "सर, दमानं घ्या," झालं, हसणं झालं. पण जातीच्या ओळीला हसणं थांबलं, आणि पेटीच्या ओळीला अध्यक्षांनी, जे स्वतः तरुणपणी जलशात पेटी वाजवायचे, मान खाली घातली. मग मी म्हणालो, "आता माझं म्हणणं. मागच्या सभेत मी चुकलो. आपण आज लढाई वाद्यांची समजतोय, ती आहे शब्दांची. समोरचे आपल्या पोरीला शिव्या देतायत आणि आपण तिला चाल शिकवतोय. शिवी मला आजही मान्य नाही, मिरवणुकीतला धिंगाणा मान्य नाही. पण समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवायची ताकद ज्या गाण्यात आहे, ते आपलं गाणं आहे. माझे वडील आज असते तर त्यांनी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला असता."

एक म्हातारे म्हणाले, "आन शिवी दिली तर?" अध्यक्ष म्हणाले, "तर तुमी बी द्या, पर ठेक्यात." ठराव झाला.

जयंतीला ती स्टेजवर चढली. मी पहिल्या रांगेत होतो, डॉक्टर माझ्या शेजारी बसलेले, सगळ्यांना दिसतील असे. फोन अजून येतात, पण आता डॉक्टर सांगतात, सिस्टर इथंच राहणार. गाणं संपल्यावर मी स्टेजवर जाऊन तिच्या खांद्यावर नवा टॉवेल टाकला. ती कानाशी येऊन म्हणाली, "सर, शंभर टक्के कॉटन हाय ना?" तुम्ही असतात तर तुम्हीही कापड चिमटीत धरून आधी हेच विचारलं असतं.

सगळीकडं सांगितलं जातंय, की सरांनी गाणं पुन्हा ऐकलं आणि मोठ्या मनानं मत बदललं. वर्तमानपत्रातही तसंच आलं. मी ते खोडून काढलेलं नाही. तुम्हाला लिहिलेला हा कागद घडी करून डाव्या खिशातच ठेवतोय, तुमच्यापर्यंत पोचवायला दुसरी जागा नाही. खरं सांगायचं तर ईटच्या पटांगणात मी निदान त्या म्हाताऱ्याचा सवाल ऐकला तरी होता. त्या पहिल्या सभेत मी वीस मिनिटं बोललो तेव्हा तिचं गाणं मी एकदाही ऐकलेलं नव्हतं, दादा. हे तिला अजून सांगितलेलं नाही.