बिनमातीचा सूड

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.

सकाळी ९.४०. सलिलने सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या बाल्कनीचा फोटो टाकला. तो माझ्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे वाकून बघायची सोय आहे. फोटोत माझा हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे बिनमातीच्या शेतीचा टब, कुजलेला पालक आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. झूम करून. खाली लिहिलंय: सुरेंद्रकाकांचा मच्छर प्रकल्प.

एकोणतीस जण हसले. त्यात पद्मजा. विचारलं, तू का हसलीस? म्हणाली, चुकून दाबलं गेलं. बायको आहे म्हणून सोडतो.

आणि काका कुणाचा? मी सत्तेचाळीस, तो चौतीस. तो तळवड्याच्या आयटी पार्कात एसीत बसतो. मी चाकणला ब्रेकच्या पार्टांची क्वालिटी बघतो. माझ्या सहीशिवाय एक नग गेटबाहेर जात नाही. माणसं मरत नाहीत ती माझ्यामुळे.

संकल्प: सूड.

४ नोव्हेंबर

डोकं शांत ठेवून रूट कॉज शोधला. पालक मेला कारण मुळांना आधार म्हणून मी भांडी घासायचा स्पंज वापरला. तो कुजला. म्हणजे चूक स्पंजच्या कंपनीची.

सलिलही बाल्कनीत हीच शेती करतो, पण मातीचे भाजलेले गोळे वापरतो. ऑनलाइन. एवढ्याशा पिशवीला बाराशे रुपये. वास्तविक झाडाचं खाणं पाण्यातून जातं. गोळे फक्त झाड उभं राहावं म्हणून. मग बाराशेचेच कशाला? जवळपास फुकटात मिळणारं काहीतरी शोधायचं आणि त्यात सलिलपेक्षा सरस भाजी काढायची. वर विचारायचं, तुझे गोळे काय म्हणतात?

२६ जानेवारीला सोसायटीत बाल्कनी-शेतीची स्पर्धा आहे. सेक्रेटरी भीमराजने जाहीर केलंय, पहिल्या नंबराला गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा वर्षभर वापरायला. सलिलला तो कोपरा पाहिजे आहे. म्हणून मलाही पाहिजे आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार. कंपनीला सुट्टी.

नारळाच्या शेंड्या! दिवाळीचे अकरा नारळ घरात. शेंड्या मिक्सरमधून बारीक काढायच्या. दहा मिनिटांचं काम.

दुपारी १. मिक्सर गेला. धूर आला. पद्मजा शाळेत शिकवायला गेलेली. ती यायच्या आत मिक्सर पुसून जागेवर ठेवला.

संध्याकाळी ६. पद्मजाने चटणी लावायला घेतली. मी म्हणालो, व्होल्टेज कमी असेल. तिने भांड्यातून शेंडीचा दोरा ओढून बाहेर काढला, माझ्यासमोर धरला आणि खलबत्ता माझ्या हातात दिला. चटणी मीच कुटली.

शेंड्या शेवटी कात्रीने कापल्या. नर्सरीतून लेट्यूसची बारा रोपं आणून त्यात बसवली. सुंदर दिसतात. सलिलचा शेवट जवळ आला.

१७ नोव्हेंबर

पाणी चहासारखं झालंय. पानांच्या कडा करपल्या. बारापैकी नऊ गेली, तीन विचार करतायत. वाचून बघितलं, तर शेंड्यांत क्षार असतात म्हणे. ते झाडाला जाळतात.

मग एकदम डोक्यात उजेड पडला. माझी रोपं जाळली, तर त्याचीही जाळतील.

१८ नोव्हेंबर

उरलेल्या शेंड्या कापडी पिशवीत भरून वर गेलो. हसरा चेहरा ठेवला. म्हणालो, सलिल, झालं गेलं विसरून जाऊ. बाराशे कशाला घालवतोस? हे वापर, उत्तम माध्यम आहे. त्याने पिशवीत नाक घातलं आणि म्हणाला, भारी काका, सॉलिड जुगाड! त्याची बायको इरा आतून चकल्या घेऊन आली. सहा खाल्ल्या. शत्रूला संशय येऊ नये म्हणून.

खाली उतरताना पायऱ्यांवर हलकं वाटलं. हे विष त्याने स्वतःच्या हाताने घालायचं आहे. मी फक्त पिशवी दिली.

२५ नोव्हेंबर

आता माझं स्वतःचं माध्यम. कंपनीत पार्टांच्या खोक्यांत पांढरा फोम येतो आणि स्क्रॅपमध्ये जातो. डब्याच्या पिशवीत तीन पट्ट्या टाकल्या. गेटवर सिक्युरिटीने पिशवी उघडायला लावली. म्हणाला, साहेब, गेटपास? मी म्हणालो, स्क्रॅप आहे राव, झाडांसाठी. तो म्हणाला, स्क्रॅपलाही गेटपास लागतो, तुमचीच सही असते त्यावर. मागे सेकंड शिफ्टची रांग लागलेली. मी तिथेच फॉर्म मागवून स्वतःच्या नावाने भरला आणि खाली स्वतःच सही केली.

नियम म्हणजे नियम. सलिलला हे कळणार नाही.

३० नोव्हेंबर

फोम पाणी धरत नाही. त्यात लावलेली नवी रोपं वाळली. पार्टांसाठी मात्र फोम योग्य आहे, हे सिद्ध झालं.

५ डिसेंबर, गुरुवार

मागच्या गल्लीत बिल्डिंग पाडतायत. विटांचे तुकडे एक गोणीभर आणले. हातोडीने हरभऱ्याएवढे केले. खालच्या मजल्यावरून दोनदा तक्रार आली. पद्मजा म्हणाली, गोळे मातीचे आणि भाजलेले, विटाही मातीच्या आणि भाजलेल्या, हे तुला महिन्यापूर्वी का नाही सुचलं? मी म्हणालो, संशोधन असंच असतं. खरं तर कल्पना चांगली आहे. ती माझीच आहे.

१३ डिसेंबर

विटांतली रोपंही पिवळी. पाण्यात लिटमसचा कागद बुडवला तर गर्द निळा झाला. विटांना जुनं सिमेंट आणि चुना चिकटलेला होता, तो पाण्यात उतरला. त्या पाडलेल्या बिल्डिंगचं कामच निकृष्ट असणार.

पण माझी मेली तर मेली. वर सलिलकडे काय झालं असेल? आज शनिवार असता, सलिल घरी असता तर लगेच गेलो असतो. उद्या जातो.

१४ डिसेंबर, शनिवार

बाथरूमची गळती बघायचं निमित्त काढून वर गेलो. इरा म्हणाली, या काका, आधी आमची बाग बघा. बाल्कनीत गेलो.

हिरवंगार. लेट्यूस हाताच्या पंजाएवढं. नवीन रॅकवर अठरा कुंड्या आणि सगळ्यांत माझ्या शेंड्या. एक पान उलटून बघितलं. विचारलं, करपलं नाही काही? इरा म्हणाली, शेंड्या बादलीत पाच दिवस भिजवल्या, रोज पाणी बदललं, पाणी स्वच्छ झाल्यावर भरल्या. माहीतच असेल तुम्हाला, तुम्हीच तर दिल्या.

म्हणालो, अर्थात.

सलिल म्हणाला, काका, तुमच्यामुळे दुसरा रॅक फुकटात उभा राहिला.

गळती बघायची राहिली.

१६ डिसेंबर

कंपनीत मन लागलं नाही. आमच्या लाइनवरचे गेनबा, सगळ्यात जुने ऑपरेटर, पुढच्या वर्षी रिटायर. खेडच्या पश्चिमेला भाताच्या पट्ट्यात त्यांची शेती आहे. जेवणाच्या सुट्टीत त्यांना सगळं सांगितलं. सुडाचा भाग वगळून.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून मला दिला. मग म्हणाले, सायेब, मातीत लावा की. माती हाय न्हवं फुकाट?

मी समजावलं की माती चालत नाही, तोच तर मुद्दा आहे. ते म्हणाले, मग भाताचं तूस न्या. आमच्याकडं गिरणीमागं ढीग पडलाय, कुणी इचारत न्हाई. पर कच्चं घालू नगा. पाटीत भाजायचं, काळं झालं की पाणी मारायचं. राख झाली की गेलं कामातनं. आन् धुवा मातूर.

हा माणूस बत्तीस वर्षं माझ्याच शेडमध्ये आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

गेनबांच्या गावाहून तूस आलं. गच्चीवर लोखंडी पाटीत भाजलं. पहिली पाटी राख झाली. दुसरी पण. तिसरी काळीभोर उतरली. चार पाण्यांनी धुतली. तूस हलकं म्हणून वर तरंगतं, त्यासाठी चुना न लागलेल्या, धुतलेल्या विटांचे चार-चार तुकडे वर ठेवले. कोथिंबीर पेरली. लेट्यूस कोण खातं? परीक्षकांच्या नाकात वास जाईल तो कोथिंबिरीचा.

३१ डिसेंबर

उगवली. सगळीच्या सगळी! पांढरी मुळं, हिरवी पानं. पद्मजा वाकून बघून म्हणाली, अरे, हे खरंच जमलं. लग्नानंतर हे वाक्य तिने दुसऱ्यांदा म्हटलंय. पहिलं कशाबद्दल होतं ते आठवत नाही.

बक्षीस घेताना दोन शब्द बोलायचे आहेत. मसुदा तयार. सलिलचं नाव घ्यायचं नाही, पण सगळ्यांना कळेल असं बोलायचं. 'काही लोक पैशाने शेती करतात' इथे थांबायचं आणि वर बघायचं.

३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी ६.१५ ला बेल. दारात सलिल, केस विस्कटलेले, डोळे लाल. इराच्या वडिलांना हार्ट ॲटॅक. कोल्हापूरला निघालेत. बायपास करावी लागेल. हातात किल्ली दिली. म्हणाला, काका, कधी परत येऊ सांगता येत नाही. झाडं तेवढी बघाल? ह्यातलं कळणारं दुसरं कोण आहे इथे?

फोटोबद्दल माफी मागेल म्हणून थोडं थांबलो. नाही मागितली. इरा गाडीत बसून नुसती समोर बघत होती. मी म्हणालो, निघा तुम्ही, सावकाश चालव.

शत्रूच्या घराची किल्ली माझ्या खिशात आहे.

४ जानेवारी

पर्याय. एक: मीठ. दोन: पंप बंद. तीन: काहीच न करणं, हा सर्वात सभ्य. ऑफिसातून येऊन वर गेलो. आज फक्त पाहणी. पाणी कमी होतं, म्हणून भरलं. पाहणी नीट व्हायला पाणी पूर्ण असावं लागतं.

६ जानेवारी

पानांखाली मावा. बारीक, हिरवा, चिकट. हे माझ्या योजनेत नव्हतं. सूड मी घेणार, मावा कोण? निंबोळी तेल आणून एकेक पान उलटं करून पुसलं. अठरा कुंड्या. मान धरली.

९ जानेवारी, गुरुवार

वीज दहा ते पाच बंद. पंप थांबला. मुळं उघडी पडली तर संध्याकाळपर्यंत सगळं आडवं होणार. कुणी मला दोष देऊ शकलं नसतं. महावितरणने माझा सूड घेतला असता.

दर पंधरा मिनिटांनी मगाने पाणी घातलं. सात तास. सलिलच्या स्वयंपाकघरात चहा करून घेतला. स्पर्धेत हरवायचं तर झाडं जिवंत पाहिजेत. बेशुद्ध पैलवानाला चीत करण्यात काय अर्थ आहे?

सलिलचा फोन आला. ऑपरेशन झालं, अजून आयसीयूत आहेत. झाडांचं त्याने विचारलं नाही. मीच सांगितलं, सगळी ठीक आहेत.

१३ जानेवारी. भोगी.

पद्मजा म्हणाली, कोथिंबीर आणायची का बाजारातून? म्हणालो, घरात असताना? ती म्हणाली, बाल्कनीत जाऊन ये.

गेलो. टबमध्ये पाणी नाही. थेंब नाही. कोथिंबीर वाळून पिवळी, हात लावला की चुरा. इथे शेवटचं पाणी मी चार तारखेला घातलं होतं. पद्मजा म्हणाली, रोज बादली घेऊन जाताना दिसायचास, मला वाटलं दोन्हीकडचं बघतोयस.

त्या भाजलेल्या तुसाला मी दोष देऊ शकत नाही. ते अजून तसंच आहे, काळं, स्वच्छ.

संध्याकाळी वर जाऊन लेट्यूसला पाणी घातलं.

२६ जानेवारी, रविवार

सलिलचा सकाळी फोन. तुम्हीच कुंड्या खाली नेऊन ठेवाल का, माझं नाव दिलेलं आहे, इराला बरं वाटेल. नाही म्हणता आलं असतं. अठरा कुंड्या चार खेपांत नेल्या. त्याच्या घरात टेबलावर त्याने जायच्या आधीच छापून ठेवलेलं कार्ड होतं, तेही आणून लावलं. त्यावर: माध्यम: नारळाच्या शेंड्या. शोध: सुरेंद्रकाका.

परीक्षक बाईंनी विचारलं, हे कसं सुचलं? फोटोला हसलेल्या एकोणतीसपैकी बरेच जण भोवती उभे होते. बोलायचा मसुदा खिशात होता. म्हणालो, पाच दिवस भिजवायच्या, रोज पाणी बदलायचं.

पहिला नंबर: सलिल आणि इरा. बक्षीस मी स्वीकारलं, त्यांच्या वतीने. भीमराजने टाळ्या वाजवायला लावल्या. पद्मजा पहिल्या रांगेत होती. ह्या वेळी ती हसली नाही. मला ते जास्त लागलं.

२ फेब्रुवारी

सलिलचा फोन. सासरे घरी आलेत, पण इरा त्यांना सोडून येणार नाही. तो कोल्हापुरातूनच काम करणार, निदान जूनपर्यंत. झाडं आणि गच्चीचा कोपरा तुम्हीच वापरा, म्हणाला. नाहीतर टाकून द्या.

म्हणजे भांडायला माणूसच उरला नाही.

रजा टाकून दिवसभर कुंड्या, रॅक, टब गच्चीवर वाहिले.

संध्याकाळी अनोळखी नंबर. इराचे वडील. आवाज बारीक, मधेमधे दम लागत होता. म्हणाले, जावई सांगतो तुम्हाला यातलं सगळं येतं. मला घराबाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलंय, बसून बसून जीव आंबलाय, गच्चीवर चार कुंड्या लावीन म्हणतो. गोळे फार महाग आहेत हो.

चाळीस मिनिटं बोललो. शेंड्या, फोम, तूस. त्यांनी विचारलं, विटा चालतील का? मी म्हणालो, चुना लागलेल्या नकोत. ते म्हणाले, तुम्हाला कसं कळलं?

म्हणालो, माझी झाडं मेली. सगळ्याच प्रकारांत मेली.

ते हसायला लागले आणि त्यांना खोकला आला. मागून इरा ओरडली, बाबा, पुरे आता. उद्या अकरा वाजता पुन्हा फोन करतो म्हणालेत, वही घेऊन बसणार आहेत.

त्यांना भाजलेलं तूस पाठवायला हवं. गेनबांना सांगायचं, एक पोतं जास्त.