सेनापतींचा पलंग

प्रिय दादा,

आत्याने हे घर माझ्या नावावर केल्यापासून तू एकच धोशा लावला आहेस: विकून टाक आणि आमच्याकडे राहायला ये, मागची खोली तुझीच. त्यावर माझं उत्तर ऐक.

कुठल्याशा लढाईच्या आदल्या रात्री एक सेनापती इथे झोपले होते, म्हणून दर रविवारी लोक तिकीट काढून त्यांचा पलंग बघायला येतात. घरात न गळणारी खोली त्या पलंगाचीच, त्यामुळे एरवी त्यावर मीच झोपते. काल रविवार आहे हेच विसरले. तिकिटं देणाऱ्या गड्याने दार उघडलं आणि माणसं आत आली. अंगात आत्याचा फाटका झगा, उठणार कशी? डोळे मिटून निपचित पडून राहिले.

"सेनापतींची बायको दिसते," एक बाई म्हणाली. "मेणाची आहे, पण किती हुबेहूब."

"नाक मात्र बिघडवलंय," तिचा नवरा म्हणाला. "भलतंच मोठं केलंय."

दादा, ते नाक आत्याचं, माझं आणि तुझंही. मी पडल्यापडल्याच म्हटलं, "आमच्या घराण्यात सगळ्यांचं असंच आहे."

खोली क्षणात रिकामी झाली. त्या नवरोबांची एक चप्पल अजून इथेच आहे.

तेव्हा मागच्या खोलीत तुझी कपाटं ठेव. तिथे मी जन्मभर पाहुणी राहीन. इथे पाहुणे घाबरून पळाले, तरी माझ्या घरातून पळतात.

हे पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही. वहिनीने वाचलं, तर रोज जेवताना तुझ्या नाकाकडे बघून हसत सुटेल.

तुझी,
जागची न हलणारी बहीण